उलाळ : लेश्नोहून आखेनला परतताना

पोलंडच्या पश्चिमेला लेश्नो नावाचं गाव आहे. ग्लायडिंग करणाऱ्यांसाठी त्याचं महत्त्व मोठं. १९५८, १९६८, २००३ आणि २०१४ अशी चार वेळा इथे विश्वअजिंक्यपद स्पर्धा झाली. सपाट शेती, मधूनमधून जंगल आणि उन्हाळ्यात दुपारी शेतांवरून उठणारे थर्मल, म्हणजे तापलेल्या हवेचे वर चढणारे झोत, असा हा मुलूख. मी इथे मांडते आहे ते प्रकरण विश्वअजिंक्यपदाचं नाही. त्याच गवताळ विमानतळावर झालेल्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं आहे, आणि त्यातही उड्डाणापेक्षा परतीच्या रस्त्याचं जास्त. स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी आम्ही एक अवघड निर्णय अगदी नीट घेतला. त्यानंतर अठ्ठावीस तासांच्या आत चार सोपे निर्णय चुकवले. ते का चुकले, हे मला स्वतःसाठी समजून घ्यायचं होतं. ट्रेलर ओढत स्पर्धेला जाणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर बरंच.

मी वैमानिक म्हणून गेले नव्हते. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये विंचच्या दोरीने वर जाऊन मी पहिली एकटीची उड्डाणं केली, त्याला आता बरीच वर्षं झाली. पुढे नोकरीसाठी जर्मनीत आखेनला आले, इथल्या क्लबात रमले. लेश्नोला मी क्रू होते. आमची वैमानिक माझी क्लबातली मैत्रीण, आणि तिघांच्या मालकीचं ते १८ मीटर पंखांचं ग्लायडर. त्यात इंजिन नाही. म्हणजे ती जिथे उतरेल तिथे ट्रेलर घेऊन जायचं, पंख उतरवायचे, सगळं भरायचं आणि रात्रीतून परत आणायचं, हे क्रूचं काम. सकाळी पंखांच्या टाक्यांत पाणी भरणं, बॅटऱ्या चार्ज करणं, वजनाच्या काट्यावर ग्लायडर नेणं, ऊन वाढलं की कॉकपिटवर पांढरं कापड टाकणं, हेही आमचंच.

शेवटचा दिवस

पाण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढची निम्मी गोष्ट पाण्याचीच आहे. ग्लायडर जड केलं तर ते त्याच उतरंडीने पण जास्त वेगाने पुढे सरकतं. थर्मल जोरदार असतील तर टाक्या भरून जाणं फायद्याचं. थर्मल अशक्त असतील तर तेच वजन वर चढताना गळ्यातलं लोढणं होतं, आणि मग वैमानिक पाणी सोडून देतो. शेवटच्या दिवशी सकाळी हवामानाच्या बैठकीत चित्र धूसर होतं. आम्ही पाण्याचे डबे भरून रांगेत नेले. तिने आकाशाकडे बघितलं, घारी कुठे घिरट्या घालताहेत ते पाहिलं (युरोपातही घारीच आमच्या सर्वांत भरवशाच्या), आणि म्हणाली, निम्मंच भर. २५ लिटरचे दोन डबे तसेच भरलेले उरले. ते मी ट्रेलरच्या मागच्या दाराशी ठेवले. संध्याकाळी ओतू, असं ठरलं.

दुपारनंतर आकाश पसरट ढगाने झाकलं. संगणकाने घर गाठण्यापुरती उंची आहे असं दाखवल्यावर ती शेवटच्या घसरणीला लागली, पण समोरून वारा आणि वाटेत खाली दाबणारी हवा. विमानतळापासून ३१ किलोमीटरवर तिच्याकडे ५०० मीटर उंची उरली. त्या ग्लायडरची घसरण साधारण ५० ला १. म्हणजे शांत हवेतसुद्धा ३१ किलोमीटरला ६२० मीटर उंची लागते, आणि हवा शांत नव्हती. समोर जंगलाचा पट्टा होता. पलीकडे कदाचित एखादा थर्मल मिळाला असता. त्या दिवशी तिघा-चौघांना तो मिळालाही. ती जंगलाच्या अलीकडे वळली, थोडं शोधलं, आणि ३०० मीटरवर असताना कापणी झालेलं एक गव्हाचं रान निवडून वाऱ्याकडे तोंड करून नीट उतरली.

दिवसाच्या विजेत्याला जास्तीत जास्त १००० गुण मिळतात. जो पूर्ण मार्ग उडून येत नाही त्याला फक्त अंतराचे गुण. एकूण यादीत ती सातवी होती, ती तेरावी झाली. दोन आठवड्यांची मेहनत त्या गव्हाच्या रानात उतरली असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. तिने घेतलेला तो निर्णय मी आजवर जवळून पाहिलेल्या निर्णयांतला सर्वांत शांत आणि सर्वांत स्वच्छ होता. जंगलावर ५०० मीटर आणि पलीकडचं काही माहीत नाही, तर जायचं नाही. एवढंच.

६ वाजून २० मिनिटांनी तिचा फोन आला. मी आणि दुसरा क्रू (आमच्या क्लबातलाच एक विद्यार्थी) ट्रेलर जोडून निघालो. घाईत पाण्याच्या डब्यांकडे कुणी पाहिलं नाही.

शेतकरी भला होता. भाषा एकमेकांची येत नव्हती. फोनमधल्या भाषांतरावर काम चाललं. त्याच्या बायकोने फळं उकळून केलेलं गार पेय आणून दिलं आणि अंधार पडल्यावर ट्रॅक्टरचे दिवे आमच्याकडे वळवून ठेवले. एका पंखाची पिन अडकली होती. अवजारांची पेटी ट्रेलरच्या अगदी पुढच्या टोकाला असते, ती मी काढून मागे आणली. पिन निघाली, पंख आत गेले, दार लावलं. पेटी मागेच राहिली. तिच्यात एक जादा बॅटरीही होती. सगळं मिळून २० किलो.

लेश्नोला परतायला साडेअकरा वाजले. निरोपाची मेजवानी चालू होती. दोन आठवडे शेजारी तंबू ठोकलेल्या माणसांना न भेटता झोपणं जमलं नाही. झोपायला दोन वाजले, सहाला उठलो, कारण तंबू आवरायचा होता आणि अकराला बक्षीस समारंभ होता.

परतीचा रस्ता

लेश्नो ते आखेन सुमारे ९०० किलोमीटर. रविवारी दुपारी चारला निघालो. सोमवारी सकाळी तिघांनाही कामावर जायचं होतं. रात्री तीनपर्यंत पोहोचू, चार तास झोपू, असा हिशोब. हा हिशोब मांडताना कुणी कुणाला अडवलं नाही, आणि मला आज सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

पोलंडमध्ये ट्रेलर लावलेल्या मोटारीला मोठ्या रस्त्यावरही ताशी ८० ची मर्यादा आहे, त्यामुळे सीमेपर्यंतचा प्रवास संथ आणि बरा झाला. श्वेत्स्कोला सीमा ओलांडली, चालक बदलला, मी स्टिअरिंगवर बसले. जर्मनीतही ट्रेलरसाठी ८० च, पण ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या ट्रेलरला १०० ची परवानगी मिळते आणि मागे तसा गोल शिक्का लावतात. आमच्या ट्रेलरवर तो होता. बर्लिनचं वर्तुळ, मॅग्डेबुर्ग, आणि मग पश्चिमेकडे जाणारा दोन नंबरचा आउटोबान. हा रस्ता म्हणजे रात्रंदिवस मालवाहू ट्रकांची माळ. मारिएनबोर्नला पूर्वीच्या दोन जर्मन्यांमधली तपासणी चौकी आता स्मारक म्हणून जपली आहे. ते मागे टाकलं तेव्हा सव्वादहा वाजले होते. मागच्या सीटवर विद्यार्थी झोपला होता. मैत्रीण शेजारी गप्प होती.

हेल्मश्टेटच्या आसपास रस्ता थोडा खाली उतरतो. मी एका लांब ट्रकला मागे टाकत होते, वेग ९८. ट्रकच्या पुढच्या भागाशी आलो तसा त्याने ढकललेल्या हवेचा धक्का ट्रेलरला बसला. तो नेहमीच बसतो. एरवी ट्रेलर एकदा हलतो आणि सरळ होतो. या वेळी तो परत आला, पलीकडे गेला, आणि दुसऱ्या हेलकाव्यात पहिल्यापेक्षा जास्त गेला. तिसऱ्यात मोटारीची मागची बाजू त्याच्याबरोबर सरकायला लागली. आरशात एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे पांढरा ट्रेलर दिसत होता.

माझे हात त्याच्या उलट स्टिअरिंग फिरवू लागले होते. तेच चुकीचं. माणसाचा हात नेहमी अर्धा क्षण मागे असतो आणि हेलकाव्याला आणखी जोर देतो. मैत्रीण ओरडली नाही. कॉकपिटमध्ये बोलावं तशा आवाजात म्हणाली, "सरळ धर. ब्रेक." मी स्टिअरिंग घट्ट सरळ धरलं आणि ब्रेक जोरात दाबला. ग्लायडरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात. मोटार थांबू लागली की तो पुढे ढकलतो आणि त्या ढकलण्यानेच त्याचे ब्रेक लागतात. ८० च्या खाली आल्यावर हेलकावे मेले. मागून येणाऱ्या ट्रकच्या चालकाने अंतर ठेवलं होतं आणि धोक्याचे दिवे लावले होते. त्याचे आभार मानायला मी त्याला कधी भेटणार नाही.

पुढच्या विश्रांती स्थळावर आलो तेव्हा माझे पाय थरथरत होते.

दिव्याखाली

पहिली गोष्ट मैत्रिणीने केली ती म्हणजे जोडणी सोडून ट्रेलरचं पुढचं टोक हाताने उचललं. ते सहज उचललं गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला एकदम गावाकडचा शब्द आठवला: उलाळ.

बैलगाडीत माल भरताना मागे वजन जास्त झालं की गाडी उलाळ होते. जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं आणि सापत्या गळ्याला आवळतात. पुढे वजन जास्त झालं तर गाडी धुरजड, आणि मग बैलांची मान मोडते. चांगली भरलेली गाडी किंचित धुरजड असते. माझे आजोबा सासवडच्या बाजाराला जाताना पोती भरून झाली की जू एकदा हाताने उचलून बघत. ते मी लहानपणी शंभरदा पाहिलं आहे. दोन चाकांच्या कुठल्याही ओढायच्या गाडीला हेच लागू आहे. पुढच्या टोकावर पुरेसं वजन असेल तर ट्रेलर मोटारीच्या मागे सरळ चालतो. ते वजन कमी झालं की हेलकावा आपोआप विझण्याचा गुण कमी होतो. प्रत्येक जोडीचा एक वेग असतो, ज्याच्या खाली हेलकावे मरतात आणि वर वाढत जातात. मागे वजन सरकलं की तो वेग खाली येतो.

माझ्या पिशवीत सामान तोलायचा हुक असलेला काटा होता. पुण्याला जाताना बॅगेचे २३ किलो मोजायला आपण सगळेच तो बाळगतो. पट्टा बांधून त्याने जोडणीचं टोक उचललं. १८ किलो. निघताना, स्पर्धेला येण्याआधी, आखेनमध्ये आम्ही तेच ७० किलो मोजलं होतं. जर्मन नियमानुसार हे वजन ट्रेलरच्या भाराच्या निदान ४ टक्के हवं, पण त्यासाठी २५ किलोपेक्षा जास्त लागत नाही. आम्ही त्या किमान आकड्याच्याही खाली होतो. आणि किमान म्हणजे पुरेसं नव्हे. लांब ट्रेलरला बरंच जास्त हवं.

५२ किलो गेले कुठे, याचा हिशोब तिथेच मोटारीच्या बॉनेटवर कागद ठेवून मांडला. चाकांपासून जोडणीपर्यंत सुमारे ६ मीटर. पाण्याचे दोन भरलेले डबे, ५० किलो, चाकांच्या ३ मीटर मागे. त्यांनी पुढचं टोक २५ किलोने हलकं केलं. अवजारांची पेटी, २० किलो, चाकांच्या ५ मीटर पुढे असायची ती ३ मीटर मागे आली. म्हणजे ८ मीटर सरकली. तिने जवळपास २७ किलो काढून घेतले. २५ आणि २७, ५२. इतका चोख ताळा जमेल असं वाटलं नव्हतं. शनिवारी सकाळी घेतलेला निम्म्या पाण्याचा निर्णय, शनिवारी रात्री अडकलेली एक पिन, आणि रविवारी रात्रीचा तो हेलकावा, हे सगळं एका कागदावर सरळ रेषेत आलं.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्याला दिसली. टायरवर निर्मितीचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत कोरलेलं असतं. आमचे टायर सात वर्षांचे निघाले. १०० च्या परवानगीची एक अट अशी की ट्रेलरचे टायर सहा वर्षांपेक्षा जुने नसावेत. शिक्का होता, पण परवानगी संपलेली होती. मी ८० नेच चालायला हवं होतं. टायर फुटला नाही, त्यामुळे हेलकाव्याला त्याचा हातभार किती हे सांगता येणार नाही. पण ८० वर असते तर त्या ट्रकला मागे टाकायला मी गेलेच नसते, हे नक्की.

तिसरी गोष्ट दिसण्यासारखी नव्हती. मी सकाळी सहापासून जागी होते आणि त्याआधी चार तास झोपले होते. सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतक्या मंदावतात, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. जर्मनीत मद्याची कायदेशीर मर्यादाही तेवढीच आहे. आदल्या रात्रीची अपुरी झोप वेगळीच. स्पर्धेच्या नियमांत वैमानिकांसाठी विश्रांतीचा दिवस जाहीर करण्याची सोय असते, आणि तो जाहीर करताना संचालक मागेपुढे पाहत नाहीत. क्रूची झोप कुणी मोजत नाही. परतीचा रस्ता तर स्पर्धेच्या कागदांत कुठेच नसतो.

काय निसटलं

मी हे पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं आहे. ग्लायडर जोडलं की आम्ही दर वेळी, दमलेले असलो तरी, नियंत्रणांची तपासणी करतो. एक जण कॉकपिटमध्ये दांडा हलवतो, दुसरा पंखाची पाती हाताने दाबून धरतो आणि जोर पोहोचतो आहे का बघतो. ही तपासणी न करता उडालेली माणसं मेली आहेत, म्हणून ती टळत नाही. ट्रेलर जोडताना आम्ही फक्त दिवे बघितले. ते बघितले कारण दिवे लागले नाहीत तर पोलीस अडवतात.

दुसरं असं, की जंगलापाशी मैत्रिणीला एक आकडा समोर दिसत होता. ३१ किलोमीटर, ५०० मीटर. आकडा पुरत नव्हता आणि तिने मान्य केलं. रविवारी दुपारी चार वाजता आमच्यासमोर तसा कुठलाच आकडा नव्हता. आम्ही तो मोजलाच नव्हता. झोप किती, टोकावर वजन किती, टायर किती वर्षांचे, ९०० किलोमीटरला ८० च्या वेगाने थांब्यांसकट किती तास. यातले चारही आकडे दहा मिनिटांत मिळाले असते. ते असते तर माझी खात्री आहे की तिने तेव्हाही तितक्याच शांतपणे सांगितलं असतं की आज निघायचं नाही. सातवा क्रमांक सोडून देऊ शकणारी बाई सोमवारची एक सकाळ नक्की सोडू शकली असती.

आणि एक गोष्ट फक्त माझी. मला थकवा जाणवत होता आणि मी बोलले नाही. क्रूने तक्रार करू नये अशी एक समजूत मी स्वतःच स्वतःवर लादून घेतली होती. वैमानिकाचा दिवस वाईट गेला आहे, ती उदास आहे, तिला घरी पोहोचवू या, असं मनात होतं. प्रेमापोटीच होतं ते. पण त्या प्रेमाने मी तिला आणि त्या झोपलेल्या मुलाला कुठे घेऊन निघाले होते, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

त्या रात्री आम्ही पाणी ओतलं, पेटी पुढे नेली, तंबूचं ओझं मोटारीत घेतलं. टोकावर ६८ किलो आले. मग तिघे मोटारीतच झोपलो. सकाळी तिघांनी आपापल्या कार्यालयांना येत नाही म्हणून कळवलं. कुणाचंही काही बिघडलं नाही. उरलेलं चारशेहून जास्त किलोमीटरचं अंतर ८० च्या वेगाने, दर दोन तासांनी चालक बदलत काटलं आणि दुपारी घरी आलो.

ट्रेलर उघडला तेव्हा ग्लायडरच्या सांगाड्याला बांधलेला एक पट्टा सैल झालेला होता आणि शेपटीच्या पंखावर अंगठ्याएवढा ओरखडा होता. क्लबच्या तपासनिसाला सगळी हकिगत सांगितली. त्याने पंखांच्या जोडण्या, पिना आणि शेपूट दोन संध्याकाळी बसून तपासली, तोवर ग्लायडर उडालं नाही. टायर बदलले. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला दारावर आता एक कार्ड चिकटवलेलं आहे. त्यावर चार रिकामे चौकोन आहेत: टोकावरचं वजन, टायरचं वर्ष, चालकाची झोप, पाण्याचे डबे रिकामे. पेन्सिल दोरीने बांधलेली आहे. निघण्यापूर्वी चालकाने भरायचं, आणि जो चालवणार नाही त्याने वाचायचं.

माझे बाबा एसटीत चालक होते. मंगळवारी संध्याकाळी त्यांना फोन केला. सगळं सांगावं की नाही असं झालं होतं, पण त्यांच्याशी मी रस्त्याबद्दल कधी खोटं बोललेले नाही. ते मधे काही न बोलता ऐकत होते. उलाळ म्हटल्यावर त्यांना पुढचं समजावून सांगावं लागलं नाही.

"धुरेवर किती होतं?" त्यांनी विचारलं.

"अठरा किलो, बाबा."

थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, "आणि तुझी झोप किती झाली होती गं?"

"चार तास."

"बरं," ते म्हणाले. "आईला एवढ्यात सांगू नकोस. मी सांगतो."